सीलबंद पेटीसाठी लांब पल्ल्याचा सबवूफर कसा निवडावा

सबवूफर घेताना नजर आधी खोक्यावरच्या वॅटकडे जाते. पेटी सीलबंद करायची असेल, तर तो आकडा आधी बाजूला ठेवा. खोल बास म्हणजे हलवलेली हवा, आणि पोर्ट (हवा ये-जा करायची नळी) नसलेल्या पेटीत ती सगळी एकट्या कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याला, हलवावी लागते. आवाज तेवढाच ठेवून ८० हर्ट्झवरून ४० वर उतरलात, तर कोनला चौपट पुढे-मागे जावं लागतं. २० वर सोळापट.

म्हणून सुरुवात गुणाकाराने करा. डेटाशीटमधला एसडी, म्हणजे कोनचं क्षेत्रफळ, गुणिले एक्समॅक्स, म्हणजे कोन एका दिशेला जितका सरकू शकतो तो पल्ला. १२ इंची ड्रायव्हरचा (पेटीत बसवायच्या सुट्या स्पीकरचा) एसडी ४८० चौ. सेंमी आणि पल्ला १४ मिमी असेल, तर ६७२ घन सेंमी हवा हलते. १५ इंचीचा एसडी ८३० आणि पल्ला ८ मिमी असेल, तर ६६४. म्हणजे बरोबरीच! जमिनीवर ठेवलेल्या पेटीपासून १ मीटरवर, २० हर्ट्झला दोन्हींची कमाल साधारण ९७ डेसिबल. खोलीच्या भिंती त्यात थोडी भर घालतात.

एक्समॅक्स मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. काही ठिकाणी दोन्ही दिशांची बेरीज छापलेली असते. २४ मिमीचा म्हणून मी घेतलेला एक ड्रायव्हर असाच १२ मिमीचा निघाला. काही ठिकाणी कोन आत आदळण्याची हद्दच पल्ला म्हणून दिलेली असते. व्हॉइस कॉइलची (कोनला हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीची) उंची वजा चुंबकाच्या फटीची उंची, भागिले दोन: ही जुनी पडताळणी अजूनही कामाची आहे.

आता पेटी. कोंडलेली हवा कोनमागे स्प्रिंगचं काम करते. अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये याच तत्त्वावर लहान पेटीतून खोल बास काढून दाखवला. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग कडक आणि क्यू, म्हणजे अनुनादाजवळ कोन किती मोकळा डोलतो त्याचं माप, जास्त. ०.७ च्या आसपासचा क्यू मला सर्वांत सुखाचा वाटतो. डेटाशीटमध्ये क्यूटीएस (पेटीबाहेरच्या ड्रायव्हरचा क्यू) ०.४५, व्हीएएस (त्याच्या लवचिकतेइतकी हवा) ६० लिटर आणि एफएस (त्याचा स्वतःचा अनुनाद) २२ हर्ट्झ असेल, तर त्यासाठी सुमारे ४१ लिटरची पेटी लागते आणि अनुनाद ३५ हर्ट्झवर येतो. त्याखाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. क्यूटीएस आधीच ०.७ च्या जवळ असेल, तर पेटी अवाढव्य होईल. तो ड्रायव्हर सोडा.

वॅट आता बघा. जड कोन आणि लहान पेटी असली की संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटमध्ये निघणारा आवाज) कमी होते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर दमदार हवा. चुंबकामागे हवेचं छिद्र असेल, तर मागच्या फळीपर्यंत मोकळी जागा सोडा. कोकणात राहत असाल, तर एमडीएफऐवजी (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीऐवजी) १८ मिमीचा मरीन प्लायवूड घ्या. एमडीएफ पावसाळ्यात फुगतो.

शेवटी ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती मागच्या सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे थरथरेल, तिथे सिलिकॉन भरा.