शहर धरा, रॅप सापडेल
जगभरचं हिप-हॉप ऐकायचंय? मग ‘टॉप’ याद्या सोडा, शहर आणि भाषा धरून शोधा. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सुरू झालेलं हे संगीत जिथे गेलं तिथली भाषा बोलू लागलं: टांझानियात स्वाहिली, फ्रान्सच्या मार्सेयमध्ये फ्रेंच, सेनेगलच्या डाकारमध्ये वोलोफ. मी म्हणेन, डाकारच्या ‘पॉझिटिव्ह ब्लॅक सोल’ या रॅप गटापासून सुरुवात करा. एखादं गाणं भावलं, की त्यातला पाहुणा रॅपर कोण, बीट (शब्दांमागचं ताल-संगीत) कुणी केली ते बघा आणि त्या नावाने पुढे शोधा. आपल्या अहिराणीवर वाढलेल्या कानाला बोलीतला ठसका अर्थाआधीच कळतो; म्हणून जळगाव-धुळे एसटीत आधी नुसतं ऐका, शब्दांचा अर्थ घरी आल्यावर बघा.