फर्ग्युसनला निघालेल्या खान्देशी पोरांसाठी: आधी लेक्चर, मग अभ्यासिका

पारोळा, चोपडा, शहादा, साक्री, आपल्या इकडून बारावीनंतर फर्ग्युसनला बी.ए.ला जाणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात एकच असतं, एमपीएससी. माझ्याही तेच होतं. प्रवेश, हॉस्टेल, मेस हे तुम्ही विचारून-विचारून निभावून न्याल. मला बोलायचंय ते लेक्चरबद्दल.

कॉलेज 1885 चं. आगरकर इथे प्राचार्य होते, गोखले शिकवायचे. ती दगडी इमारत, ॲम्फीथिएटरमधली पायऱ्यांची बैठक बघून सुरुवातीला छाती दडपते. त्यात पुण्या-मुंबईची मुलं तासाला फाडफाड इंग्रजी बोलतात. आपल्याला उत्तर येत असतं, पण वाक्य जुळवेपर्यंत मॅडम पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असतात. घाबरू नका, हे सुटतं. रँग्लर परांजपे दापोलीजवळच्या मुर्डी गावचे. याच कॉलेजात शिकले, 1899 मध्ये केंब्रिजला गणितात सगळ्यांत वर, म्हणजे सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन इथेच प्राचार्य झाले. गावाचं नाव कुणाला माहीत नाही म्हणून खाली मान घालायचं कारण नाही.

खरा धोका वेगळाच आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गावाकडचा कुणीतरी दादा भेटतो. सदाशिव पेठेत खोली, चार-पाच अटेम्प्ट झालेले. तो मायेनेच म्हणतो, "कॉलेजमा काय शे वं? अभ्यासिकामा ये." तुम्ही जाता. टेबलावर कुणाच्या तरी नावाची चिकटपट्टी, समोर भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा, बाजूला चहाचा थर्मास, सगळे मान खाली घालून वाचताहेत. वाटतं, खरा अभ्यास इथेच आहे. मलाही वाटलं, आणि माझं एक अख्खं सेमिस्टर त्यात गेलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे परीक्षा स्वतःच घेतं. सगळे मार्क शेवटच्या पेपरवर नसतात. वर्गातल्या चाचण्या, असाइनमेंट, प्रेझेंटेशन यांचे अंतर्गत मार्क सेमिस्टर चालू असतानाच ठरतात. तुम्ही अभ्यासिकेत बसलेले असता आणि इकडे चाचणी होऊन गेलेली असते. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की टर्म मंजूर होण्याचा प्रश्न येतो. विषय राहिला की तो पुढच्या सेमिस्टरच्या डोक्यावर बसतो. शेवटच्या वर्षापर्यंत असे दोन विषय जरी साचले तरी पदवी लांबते. आणि एमपीएससीच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा शेवटच्या वर्षाला असताना देता येते, पण मुख्य परीक्षेचा अर्ज भरायच्या मुदतीपर्यंत पदवी हातात असावी लागते. म्हणजे ज्या परीक्षेसाठी लेक्चर सोडलं, तिच्याच दारात लेक्चर आडवं येतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. 1750 मार्कांची लेखी, त्यात वैकल्पिक विषयाचे 250 चे दोन पेपर. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, यातलं काही तुम्ही पदवीला घेतलंच असेल. सकाळच्या तासाला जे शिकवतात ते त्या 500 मार्कांचंच आहे, आणि तेच पुढे क्लासला जाऊन फी भरून विकत घ्यायचं? झेरॉक्सच्या नोट्सबद्दल माझं मत कडक आहे. दुसऱ्याने कुणाच्या तरी नोट्सवरून काढलेल्या नोट्स वाचून पर्यायांवर टिक करता येत असेल, दहा मार्कांचं उत्तर लिहिता येत नाही.

मार्गदर्शक निवडतानाही माझं ऐका. ज्याची स्वतःची परीक्षा अजून सुटलेली नाही त्याच्याशी मैत्री करा, डबा वाटून खा, करिअरचा सल्ला त्याला मागू नका. जो आधी तुमचं मार्कशीट बघायला मागेल, त्याला विचारा. मला अशा एक मॅडम भेटल्या. मी स्टाफरूमच्या दारात चपला काढायच्या की नाही या विचारात उभी होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, माझी चाचणीची उत्तरपत्रिका काढली आणि एका उत्तराचा पहिला परिच्छेद खोडून, "तुला जे म्हणायचंय ते इथून सुरू होतंय" म्हणून तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली. मराठीतच बोलल्या. तेवढ्या दहा मिनिटांत उत्तर कसं लिहायचं ते कळलं. शिक्षक भेटायला तयार असतात, आपणच जात नाही.

अभ्यासिका वाईट नाही. दुसऱ्या वर्षापासून लावा, दुपारनंतर जा. पहिलं वर्ष कॉलेजला द्या. कॉलेजच्या आवारातल्या किमयात बसा, संध्याकाळी मागच्या टेकडीवर जा, वादविवादाला नाव द्या. इंग्रजी तिथेच सुटतं. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमीत घेतलं तर बॅकस्टेजला का होईना, जरूर जा. फक्त तालमी सुरू व्हायच्या आधी विभागप्रमुखांना भेटून हजेरीचं काय ते विचारून घ्या, आणि परवानगी मिळाली तर लेखी घ्या.