मोठ्या झाडाखालच्या कोरड्या सावलीत काय लावावे? मुंबईसाठी जून-जुलैचा सल्ला

सोसायटीच्या आवारात पर्जन्यवृक्षाखाली किंवा आंब्याखाली दर पावसाळ्यात रोपे लागतात आणि मार्चपर्यंत वाळून जातात. दोष सावलीला दिला जातो, पण बहुतेक वेळा कारण मुळांचे असते. मोठ्या झाडाची बारीक मुळे वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरलेली असतात आणि पाऊस संपला की राहिलेली ओल आधी तीच ओढून घेतात. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुढचे आठ महिने जवळपास कोरडेच. म्हणून रोप निवडताना एप्रिलचा विचार करा. जुलैत काय, सगळेच हिरवे दिसते.

अशा जागेला कंदवर्गीय झाडे सगळ्यांत चांगली. रानहळद, पेव, सफेद मुसळी पावसात वर येतात आणि नंतर पाने वाळून कंद जमिनीत राहतो. पाण्यासाठी झाडाशी भांडण्याची वेळच येत नाही. यातल्या मुसळीचे शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडले आहे, इतकी ती इथली. तरीही जंगलातून कंद उपटून आणू नका, रोपवाटिकेतूनच घ्या. बारमाही हिरवाईसाठी स्नेक प्लांट, झीझी, ऱ्हिओ, स्पायडर लिली. कडेला दोन-तीन तास कोवळे ऊन येत असेल तर अडुळसा आणि कोरांटीही जमतात. लॉनचा नाद मात्र सोडा.

मुंबईत मान्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर भिजली की लागवड करा. रोपे लहान पिशवीतलीच घ्या, कारण मोठ्या रोपाला मोठा खड्डा लागतो. खुरप्याने मुळांच्या मधल्या जागेत खणा. बोटाएवढे जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डाच सरकवा. भर घालायची म्हणून बुंध्याभोवती माती चढवू नका, साल कुजते. उजेडासाठी फांद्या छाटायच्या असतील तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पडलेला पाला झाडून न नेता रोपांभोवती दोन-तीन इंच पसरा.

बारमाही रोपांना पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा खोलवर मुरेल असे पाणी द्या. रोज शिंपडलेले पाणी मोठ्या झाडाची वरची मुळेच पितात. कंदांना पाने वाळल्यावर पाणी नको, नाहीतर ते कुजतात. म्हणून त्यांचा वाफा वेगळा ठेवा आणि चारी कोपऱ्यांना काठ्या रोवा. नाहीतर माळीदादा मोकळी जागा समजून खणून टाकतात!

छज्जाखालची पट्टी मात्र वेगळी. तिथे भर जुलैतही थेंब पोहोचत नाही आणि माती म्हणून बऱ्याचदा डेब्रिजच असते. वरचे अर्धा फूट काढून लाल माती आणि शेणखत भरा, फक्त स्नेक प्लांट किंवा झीझी लावा आणि पावसाळ्यातही अधूनमधून झारीने पाणी द्या.