वारा नाही तरी पंखा गरगर

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या लहानपणापासून बघतोय त्यामुळे खाज होतीच, म्हटलं शेडवर एक घरगुती करून बघू. आधी भंगारातून गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आणला, पण तो मिनिटाला हजारभर फेऱ्यांशिवाय (आरपीएम) चार्जच करत नाही आणि आपली पाती फिरणार तीन-चारशेनं, त्यात आतल्या चुंबक बनणाऱ्या कॉइलला (फिल्डला) करंट बॅटरीतूनच खातो, म्हणजे गेले पैसे. मग ट्रेडमिलची जुनी डीसी मोटर मिळाली, आत कायमचे चुंबक असतात, हळू फिरवली तरी व्होल्ट देते. सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून तीन पाती काढली, कडा पॉलिश पेपरनं घासल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी मीटरवर १४ व्होल्ट! सकाळी बघतो तर बॅटरी झोपलेली आणि वाऱ्याचं नाव नाही तरी पंखा आपला मस्त फिरतोय 😅 अहो बॅटरीच मोटर फिरवत होती रात्रभर! प्लसच्या वायरीत २० अँपचा डायोड टाकला, म्हणजे करंट एकाच दिशेनं, मोटरकडून बॅटरीकडेच जाणार, पांढरी पट्टी बॅटरीकडे ठेवून, ०.७ व्होल्ट त्यात जातात, जाऊ देत. तो गरम होतो म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलाय. आता शेडमधला एलईडी रात्रभर चालतो. आवाज मात्र येतो थोडा, बायको म्हणते हेलिकॉप्टर पाळलंय.