यजमान कुटुंबातले पहिले दिवस: गप्प राहून होणाऱ्या या चुका टाळा

माझ्या पलंगाखाली ओढून काढायचा एक खण होता आणि त्यात दोन जाड रजया घडी करून ठेवलेल्या होत्या. हे मला बाराव्या दिवशी कळलं. आधीच्या अकरा रात्री मी स्वेटर आणि दोन-दोन मोजे घालून, अंगाचं मुटकुळं करून झोपत होते. परदेशात शिकताना मी ज्यांच्या घरी राहत होते त्या होस्ट आई, म्हणजे यजमान कुटुंबातल्या आई, रोज सकाळी विचारायच्या, "झोप लागली ना?" आणि मी सांगायचे, "हो, छान." खरं काय ते बाहेर आलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. आपल्या घरात एक मुलगी अकरा रात्री कुडकुडत होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता, हे त्यांना फार लागलं. मी ज्याला भिडस्तपणा समजत होते त्याने त्यांना दुखावलं होतं.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींशी बोलताना मी ही गोष्ट आधी सांगते. पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच असतं. त्रास द्यायला नको म्हणून आपण तोंड मिटून बसतो आणि घरातल्यांना आपल्या मनातलं कळायला काही वाटच उरत नाही.

पोचल्या पोचल्या दार लावून झोपणं

लांबच्या विमानप्रवासानंतर दुपारी तीनला डोळे मिटू लागतात आणि रात्री दोनला टक्क उघडतात. शरीराचं घड्याळ नव्या वेळेवर यायला प्रत्येक तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस घेतं, आणि पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर आणखी सावकाश येतं. म्हणजे आठ तासांचा फरक असेल तर आठवडाभर थोडी ओढाताण होणारच.

चूक झोपण्यात नाही, न सांगता झोपण्यात आहे. बाहेर जेवणाचं टेबल मांडून बसलेल्या माणसांना फक्त बंद दार दिसतं. "मी दमलेय, अर्धा तास पडते, जेवणाच्या वेळी मला उठवा" एवढं एक वाक्य पुरतं. अर्ध्या तासाहून जास्त मात्र झोपू नका. उजेडात फिरून या आणि जेवण त्या घराच्या वेळेलाच घ्या. रात्री जाग आलीच तर स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेतलं तर चालेल का, हे दिवसाच विचारून ठेवा.

प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणणं

चूक म्हणून हिचा नंबर मी सगळ्यात वर लावेन. होस्ट कुटुंब पहिल्या दोन-तीन दिवसांत तुमच्या उत्तरांवरून अंदाज बांधतं आणि घराची घडी त्यावर बसवतं. न आवडलेल्या पदार्थाला पहिल्या रात्री "फार छान" म्हटलंत, तर तो प्रेमाने पुन्हा पुन्हा ताटात येईल. तिसऱ्या महिन्यात खरं सांगणं पहिल्या दिवशी सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

यात आवडीनिवडीचा भाग लहान आहे. ॲलर्जी, रोजची औषधं, दमा, धार्मिक कारणाने वर्ज्य असलेलं अन्न, पाळीव प्राण्याची भीती, पोहता न येणं हे पहिल्या संध्याकाळीच सांगायचं. अर्जात लिहिलं होतं, म्हणून त्यांना माहीतच असेल असं धरून चालू नका. अर्ज बहुधा घरातल्या एकाच माणसाने वाचलेला असतो आणि स्वयंपाक दुसराच करतो. भाषा अडखळत असेल तर या गोष्टी निघण्याआधीच त्यांच्या भाषेत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद हातात द्या.

नकार द्यायची रीतही शिकून ठेवा. "मला हे आवडत नाही" यावर बोलणं तिथेच थांबतं. "हे मला थोडं जड जातं, पण कालचं फार आवडलं" म्हटलं की समोरच्याला पुढे काय करायचं ते कळतं.

न विचारता अंघोळीला जाणं

पहिल्या आठवड्यातल्या घरगुती कुरबुरी बऱ्याचदा न्हाणीघरातून सुरू होतात, आणि त्यांची कारणं सगळी पाण्याशी निगडित असतात. साधा शॉवर मिनिटाला साधारण ८ ते १० लिटर पाणी सोडतो. वीस मिनिटांची अंघोळ म्हणजे १६० ते २०० लिटर. जिथे गरम पाणी टाकीत साठवलेलं असतं, तिथे तुमच्या मागून जाणाऱ्याला थंड पाण्याखाली उभं राहावं लागू शकतं. अनेक घरांत न्हाणीघराच्या जमिनीला पाणी वाहून जायला जागाच नसते. पडदा टबच्या बाहेर राहिला तर पाणी फरशीखाली मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छतावर डाग उमटतो. पंखा न लावता वाफ कोंडली की भिंतीला बुरशी धरते.

म्हणून पहिल्या अंघोळीआधी कुणालातरी आत नेऊन सगळं दाखवायला सांगा: नळ कुठल्या बाजूला फिरतो, पडदा कुठे असायला हवा, पंख्याचं बटण, ओला टॉवेल कुठे टाकायचा, सकाळी कुणाची वेळ कधी, किती मिनिटं घेतलेली चालतात, फ्लशमध्ये काय टाकायचं नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पाणी सांडून झाल्यावर मात्र लपवू नका. लगेच पुसा आणि सांगा. पुसलेली फरशी कुणाच्या लक्षात राहत नाही, लपवलेला डाग राहतो.

आता विजेचं. युरोपात घरगुती वीज २३० व्होल्टची असते, अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १००. फोनच्या आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा "१०० ते २४०" असं छापलेलं असतं, ते कुठेही चालतात. केस वाळवण्याच्या यंत्राचं तसं नसतं. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. कमी व्होल्टचं यंत्र जास्त व्होल्टच्या विजेवर लावलंत तर ते जळतं.

किल्ली खिशात ठेवा, अलार्मचा कोड आणि घराचा पत्ता कागदावर लिहून जवळ ठेवा, फोनची बॅटरी संपतेच. आपत्कालीन नंबरही आल्या दिवशी पाठ करा: युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं.

रात्रभर घरी फोन

आठवण येते, रडू येतं. ते रडू म्हणजे आपण चुकीच्या ठिकाणी आलो याची खूण, असं अनेकांना वाटतं. 'कल्चर शॉक', म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर मनाला बसणारा धक्का, हा शब्द रुळवणारे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी त्याची लक्षणं सांगताना सारखे हात धुणं, पाणी, अन्न आणि अंथरुणाबद्दल नको इतकी काळजी, फसवले जाण्याची भीती आणि घरी परतण्याची तीव्र ओढ यांचा उल्लेख केला होता. त्यांचा हा लेख १९६० साली छापून आला. त्यांच्या मांडणीत सुरुवातीचा काळ भारावलेपणाचा असतो आणि त्रास नंतर येतो. पण न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्रास सगळ्यात जास्त दिसला तो अगदी सुरुवातीलाच. तेव्हा दुसऱ्या रात्री उशी भिजली, तर तुमच्यात काही कमी आहे असं मुळीच समजू नका.

घरी फोन जरूर करा, पण वेळ ठरवून करा आणि घरातल्यांना ती सांगा. संध्याकाळचा तो एक तास, ज्यात सगळे एकत्र असतात, मोकळा ठेवा. बोलता येत नसेल तर भांडी पुसा, भाजी चिरा, कुत्र्याला फिरवायला सोबत जा. हाताला काम असलं की तुटकी भाषाही बरीच पुढे जाते. आणि पहिल्याच संध्याकाळी "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" हे विचारून टाका. न विचारलेल्या मुलांना मी महिनाभर "एक्स्क्यूज मी" म्हणत वावरताना पाहिलं आहे.

बिनसलंच असेल तर

आधी गैरसोय आणि धोका यांत फरक करा. जेवण कमी मसालेदार, खोली लहान, नियम कडक, या गैरसोयी आहेत. शांत वेळ बघून घरातल्या ज्या माणसाशी जमतं त्याच्याशी बोला, एका वेळी एकच विषय काढा आणि तक्रारीऐवजी प्रश्न विचारा: "मी रात्री अभ्यास करते तेव्हा दिवा लावलेला चालतो का?" आठवडाभरात फरक पडला नाही, तर ज्या कार्यक्रमातून तुम्ही आलात त्याच्या समन्वयकाला, म्हणजे तुमची विचारपूस करायला नेमलेल्या माणसाला, सांगा. अमेरिकेतल्या जे-१ शालेय कार्यक्रमात (जे-१ हा देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचा व्हिसा) तर समन्वयकाने महिन्यातून किमान एकदा विद्यार्थ्याशी संपर्क साधणं नियमानेच बंधनकारक आहे. त्या संपर्काच्या वेळी "सगळं ठीक" म्हणून मोकळे होऊ नका.

नको असलेला स्पर्श, दार वाजवल्याशिवाय खोलीत येणं थांबत नसणं, पासपोर्ट काढून घेणं, पुरेसं जेवण न देणं, ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं हे मात्र धोक्यात मोडतं. इथे आठवडा थांबायचं नाही. त्याच दिवशी समन्वयकाला, शाळेतल्या शिक्षकाला आणि घरी आईवडिलांना सांगा, काय घडलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा, आणि भीती वाटत असेल तर आपत्कालीन नंबर लावा. "त्यांनी इतकं केलं माझ्यासाठी" हा विचार मनात येईल. तो येऊनही सांगायचंच.

घर बदलावं लागलं तर त्यात तुमचं अपयश नाही. अशा कार्यक्रमांत कुटुंब बदलण्याची सोय असते आणि ती वापरलीही जाते. नव्या घरी गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी सगळं पुन्हा विचारा: हाक काय मारायची, अंघोळ कधी, किल्ली कुठे, आणि जास्तीची रजई कुठे ठेवली आहे.