पावसात अडकणारं दार: माझा अनुभव

खानापूरकडचा पाऊस म्हटल्यावर दारं फुगणारच. आमचं मागचं दार जुलैत लागेना, तसे शेजारचे काका म्हणाले, "रंधा मार की, सुटतंय बघ." मी हात लावला नाही. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. ओलं असताना तासलं की उन्हाळ्यात तिथं फट पडते.

आधी बिजागऱ्या बघितल्या. वरचीचे स्क्रू नुसतेच फिरत होते, म्हणून दार झुकून चौकटीला घासत होतं. खाली पाचर सारून भार उचलला, स्क्रू काढले, भोकांत फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकल्या. रात्रभर वाळू दिल्या, पटाशीनं सपाट केल्या, बारीक भोक पाडून जरा लांब स्क्रू आवळले. निम्मं काम तिथंच झालं.

उरलेली घासण शोधायला चौकटीला खडू फासून दार लावलं. दारावर जिथं खडू उमटला तिथं फक्त 80 नंबरचा पॉलिश पेपर मारला आणि वर मेणबत्ती घासली.

दाराची वरची-खालची कड मात्र सुतार कोरीच सोडतात, दिसत नाही म्हणून. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथं उघडी असतात आणि ओल तिथूनच भराभर शिरते. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की दार उतरवायचं, लागलं तर तेव्हा रंधा, मग या कडांना प्रायमर आणि ऑइल पेंटचे 2 हात.