मशीन वाजलं, खणलं आणि आवाज गेला: मेटल डिटेक्टरचे फसवे सिग्नल कसे ओळखावेत

आमच्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणीच्या काळ्या रानात असो की खानापूरच्या तांबड्या मातीत, मेटल डिटेक्टर घेतलेल्या प्रत्येकाची तक्रार एकच असते: आवाज झकास आला, वीतभर खणलं आणि मशीन गप्प झालं. मग कुणीतरी शहाणा सांगतो, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा तिखटपणा, फुल करा. हा सल्ला वाळूच्या किनाऱ्यावर ठीक असेल. आपल्याकडे तो पाळलात तर दिवसभर खड्डे काढाल आणि संध्याकाळी गंजके खिळे घेऊन घरी जाल.

हा लेख रानात हरवलेली अंगठी, कुडी किंवा मंगळसूत्राची वाटी शोधणाऱ्यांसाठी आहे. गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांसाठी नाही. हलशी, कित्तूर, राजहंसगड किंवा कुठल्याही जुन्या देवळाच्या, किल्ल्याच्या आसपास मशीन नेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणंसुद्धा पुरावस्तू ठरतं. खणताना तसलं काही लागलं तर तिथंच थांबा आणि डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयाला) कळवा.

मशीन चार्ज केलेलं आहे, रानमालकाला विचारलेलं आहे, वस्तू साधारण कुठं पडली हेही माहीत आहे, असं धरून पुढं जातो.

आधी मातीचा आवाज बंद करा

निपाणी-चिक्कोडीकडची काळी माती बेसाल्टची, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. खानापूर, जांबोटीकडचा जांभा तर लोहाच्या ऑक्साइडनंच भरलेला. खात्री करायची असेल तर जुन्या स्पीकरचा लोहचुंबक पिशवीत घालून कोरड्या मातीतून फिरवा. पिशवीला बाहेरून बारीक काळे कण चिकटलेले दिसतील. मशीनच्या कानाशी दिवसभर कुरकुर करते ती हीच माती.

म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज मशीनला वगळायला लावणं. जिथं धातू नाही अशी हातभर जागा शोधा, कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) जमिनीपासून दोन इंच ते फूटभर अशी वरखाली करा आणि आवाज सपाट होईपर्यंत बॅलन्स जुळवा. तांबड्या मातीतून काळ्या मातीत गेलात, कोरड्यातून पाणी पाजलेल्या रानात गेलात, की पुन्हा जुळवा. कारखान्यानं दिलेल्या सेटिंगवर विसंबू नका. सेन्सिटिव्हिटी कॉइल हलवताना मशीन शांत राहील इतकीच ठेवा. दोन इंच खोली कमी मिळाली तरी चालेल, कारण गेल्या आठवड्यात पडलेली अंगठी बहुतेक वेळा वरच्या थरातच असते.

जांभ्याचा एखादा खडा मात्र बॅलन्स करूनही वाजतो. तो उचलून बाजूला ठेवा आणि त्याच खड्यावर मशीन बॅलन्स करा. आवाज मेला तर दगड. खरा धातू असा मरत नाही.

कॉइल न हलवता वाजतंय? मग ती वीज आहे

कॉइल स्थिर धरा. तरीही टिकटिक चालूच असेल तर जमिनीत शोधण्यात अर्थ नाही. साधारण सेकंदाला एक ठोका पडत असेल तर आजूबाजूला रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन आहे. जंगलालगतच्या गावांत ते बांधाबांधावर असतं. मालकाला सांगून बंद करवून घ्या. अखंड खरखर असेल तर वरून जाणारी तार, टीसी (ट्रान्सफॉर्मर) किंवा बोअरची मोटार. मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी बदलायची सोय असेल तर बदला, नाहीतर सरळ शेतकऱ्याला विचारा, थ्री फेज किती वाजता जाते? ती गेल्यावर या. मोबाइल खिशात नको, गाडीत ठेवा.

धसकटाला कॉइल आपटली की येणारी टुकटुक आणि दांड्यावर सैल गुंडाळलेल्या वायरचा आवाज, हे दोन्ही मशीनचेच. वायर घट्ट गुंडाळा, कॉइलच्या कव्हरात साठलेला चिखल काढा.

खोरं उचलण्याआधी

आवाज आला की त्यावर उभं राहून दोन दिशांनी तपासा: आधी पूर्व-पश्चिम, मग काटकोनात वळून दक्षिण-उत्तर. खिळा एका बाजूनं गोड वाजतो आणि वळलात की घरघरतो किंवा नाहीसा होतो. अंगठी चारही बाजूंनी सारखी वाजते. झोका आखूड आणि हळू करा. नुसत्या जाताना वाजणारा आणि येताना न वाजणारा आवाज लोखंडाचा असण्याची शक्यता फार. मग पिनपॉइंट करा, म्हणजे ते बटण दाबून वस्तूची नेमकी जागा काढा. ऐकू आलेली जागा आणि पिनपॉइंटनं दाखवलेली जागा यांत चार बोटांचं अंतर पडलं, तरीही लोखंडाचाच संशय घ्या.

सोडा बाटलीची टोपणं आणि वायसर (वॉशर) या परीक्षेतही पास होतात. त्यांना इलाज नाही, खणा आणि खिशात घाला. उद्यमबाग-मच्छेच्या बाजूला जिथं फौंड्रीची टाकाऊ वाळू भरावाला घातलेली असेल तिथं मात्र मोठी कॉइल लावूच नका, पाच-सहा इंचीच लावा. ओतकामाच्या बारीक लोखंडी तुकड्यांनी तो भराव नुसता वाजत असतो.

आणि हो, लोखंड नको म्हणून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचे आवाज गाळणारं सेटिंग, वाढवत नेऊ नका. इथंच लोक सोनं घालवतात. बंद अंगठी जोरात वाजते, कारण तिच्यात गोल फिरणारा प्रवाह तयार होतो. तीच अंगठी तुटलेली असेल तर आवाज खूप खाली येतो. बारीक साखळी अख्खी कधीच वाजत नाही, वाजली तर तिची कडी नाहीतर एखादा दुवा वाजतो, तोही गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चंदेरी कागदासारखा. तो कागद वगळलात की साखळी वगळलीत.

आवाज गेला. आता?

मला सर्वांत जास्त छळलं ते याच टप्प्यानं, आणि यावर मिळालेले सल्ले बहुतेक कुचकामी होते. लोकप्रिय सल्ला असा की, अजून खाली खणा. मुळीच खणू नका. आवाज गेला की पहिलं काम म्हणजे हात थांबवणं आणि खोरं-खुरपं चार पावलं लांब फेकणं, कारण तेही लोखंडच आहे.

दुसरं, तुम्ही कॉइल खड्ड्यावर धरून उभे आहात का, ते बघा. आपली बहुतेक मशीनं कॉइल हलत असतानाच धातू पकडतात. स्थिर धरली की चांगला ठसठशीत सिग्नलसुद्धा विरून जातो. पिनपॉइंटचं बटण फार वेळ दाबून ठेवलं तरी मशीन त्या जागेलाच शून्य मानायला लागतं. बटण सोडा, कॉइल बाजूला न्या, पुन्हा दाबा. अर्ध्या ‘गायब’ वस्तू इथंच परत येतात.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. मशीन तुम्ही भरीव मातीवर जुळवलेलं आहे. खड्ड्यात माती नाही. आपल्या लोहयुक्त जमिनीत त्या रिकाम्या जागेनंच तोल बिघडतो, खड्ड्याच्या काठावर कॉइल खोटी वाजते आणि बारीक वस्तूचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून खड्ड्यावर कॉइल फिरवून काढलेला निष्कर्ष मी मानत नाही. खड्ड्याच्या आत पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) घाला आणि तळापेक्षा भिंती नीट तपासा. खोऱ्याच्या फटक्यानं वस्तू कडेच्या मातीत सरकते किंवा आडवी होती ती उभी राहते. उभी अंगठी वरून जेमतेम ऐकू येते. तीच बाजूनं पिनपॉइंटर लावला की ओरडते.

भिंतीत नाही, तर वस्तू वर काढलेल्या मातीत आहे. यासाठी माती पहिल्या खोऱ्यापासूनच खताच्या प्लास्टिक पोत्यावर टाकायची सवय लावा. गवतात उडवलेल्या मातीला काही करता येत नाही. पोतं खड्ड्यापासून दूर ओढा, माती बोटभर जाडीत पसरा आणि कॉइल फिरवा. वाजलं की ढीग निम्मा करा, वाजणारा भाग ठेवा, पुन्हा निम्मा करा. शेवटी कॉइल आडवी ठेवून मूठ मूठ माती तिच्यावरून फिरवा. हात मोकळा हवा: घड्याळ, अंगठी, कडं काहीही नको. घरातल्या बायका मदतीला बसतातच, तेव्हा आधीच सांगावं, ‘मावशी, पाटल्या काढून ठेवा.’ काचेच्या बांगड्यांची अडचण नाही.

ढेकळं फोडा. जांबोटीकडच्या एका रताळ्याच्या रानात मंगळसूत्राची वाटी अशीच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. आत ओली माती गच्च बसलेली, बाहेरूनही लिंपलेली, सुपारीएवढा चिखलाचा गोळा. जिची वाटी तिनंच तो खडा समजून बाजूला टाकला होता. कॉइलवरून फिरवला तेव्हा कळलं.

एवढं करूनही आवाज नाही, मातीत नाही आणि भिंतीतही नाही, तर बहुधा गंज. बैलाच्या पत्रीचा (खुराच्या नालेचा) तुकडा किंवा खिळा वर्षानुवर्षं ओलीत कुजतो, त्याचा गंज भोवतालच्या मातीत उतरतो आणि मशीनला तो सगळा मिळून एक मोठी वस्तू वाटतो. खणलं की ती माती विस्कटते आणि आवाजही विस्कटतो. मातीत नारिंगी-तपकिरी डाग किंवा पापुद्रे दिसले तर खड्डा बुजवा आणि पुढं चला. असा आवाज आधीपासूनच कडांना पसरट असतो. थोड्या सवयीनं तो कानाला कळायला लागतो.

खोल जायला मी दोनच ठिकाणी सांगेन. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, आणि भेगेत पडलेली वस्तू हातभर खाली जाते, तीही सरळ नाही, तिरकी. तिथं भेगेच्या वाटेनं, एका बाजूनं खणा. दुसरं म्हणजे भाताचं खाचर. चिखलणीत किंवा रोप लावताना पडलेली अंगठी मऊ चिखलातून खाली उतरते आणि नांगराच्या तळाशी जो कडक थर असतो त्यावर जाऊन बसते. त्या थराच्या खाली शोधू नका. तिथं ती सहसा जात नाही.

त्या दिवशी नाहीच मिळाली, तर जागेला बांबूची खूण करून ठेवा, लोखंडी सळई ठोकू नका. शेतकऱ्याला सांगा, पुढची नांगरट झाली की फोन करा. नांगरानं खालची माती वर येते आणि वस्तूची बाजूही बदलते, त्यामुळं आधी न वाजलेली अंगठी तेव्हा वाजू शकते. रोटाव्हेटर मात्र तोवर त्या पट्ट्यात घालू देऊ नका. साखळी असेल तर तिचे तुकडे रानभर होतील.